‘फोन दोन सेकंदांत करतो, मग मी कशाला डोळे फोडू?’

समुपदेशनासाठी आलेल्या माधुरीताईंनी हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला आणि लगेच म्हणाल्या, “हसू नका हं मॅडम. लोक काय काय घेऊन येत असतील तुमच्याकडे, आणि मी फोटो घेऊन आलेय.” (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहिण्याआधी त्यांना विचारलं आहे.)

हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. एआय हातात आल्यापासून हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो. कुणी हौसेने पक्ष्यांचे फोटो काढून रात्री लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरवर बसणारा असतो, कुणी भेटकार्डं करणारी. जे करायला आपल्याला आठवडे लागतात ते मशीन चुटकीसरशी करतं, मग आपण वेडे का, असा सूर असतो. बहुतेक जण उत्तरही सोबत घेऊनच येतात. कुणी म्हणतं ‘हाताची सर मशीनला नाही’, कुणी म्हणतं ‘काळाबरोबर बदलायला हवं’. ही दोन्ही उत्तरं मला फारशी उपयोगाची वाटत नाहीत. त्यांत माणसाचं नेमकं काय हरवलं याची चौकशीच नसते.

माधुरीताई पन्नाशी ओलांडलेल्या, पुण्यात डहाणूकर कॉलनीत राहणाऱ्या. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. घरी नवरा आणि एकट्या सोडता न येणाऱ्या सासूबाई, मुलगी बंगळुरूला. छंद म्हणजे जुने, खराब झालेले फोटो स्कॅन करून कॉम्प्युटरवर दुरुस्त करणं. फोटोशॉपमधली डाग झाकायची क्लोन स्टॅम्प, हीलिंग ब्रश ही साधनं, लेयर्स म्हणजे एकावर एक थर ठेवून काम करणं, सगळं स्वतः शिकलेल्या. पेन टॅबलेट मुलीने घेऊन दिलेला. रात्रीची जेवणं झाली की मागच्या खोलीत बसायचं ते साडेअकरा-बारापर्यंत. नात्यातल्या कित्येक भिंतींवर त्यांनी नीट केलेले फोटो आहेत, पैसे कुणाकडून घेतलेले नाहीत.

बिनसलं ते आजेसासूबाईंच्या फोटोवरून. मूळ फोटो शनिवार पेठेतल्या वाड्यातला. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, तेव्हा हा फोटो भिंतीवरच होता. खालच्या अर्ध्या भागावर गाळाची तपकिरी रेघ, वरती बुरशी, काचेला चिकटून निघालेला एक टवका. माधुरीताई त्यावर महिनाभर तरी बसल्या असतील. तो त्यांनी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. ‘छान’, ‘मस्त’, दोन-तीन हात जोडलेले. त्याच संध्याकाळी पुतण्याने मूळ स्कॅन एका अॅपमधून काढून टाकला, रंगीत करून. ग्रुपवर नुसती धमाल. “अगदी समोर उभ्या आहेत!” पुतण्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे त्याही सांगत होत्या. पण त्यानंतर कॉम्प्युटर उघडलाच नाही. झोप उडाली, चिडचिड वाढली, आणि सांगायला कारण काय, तर फोटो.

मी आधी फोटो बाजूला ठेवला. अशा वेळी पहिल्यांदा हे बघावं लागतं की फक्त या एका गोष्टीतलं मन उडालं आहे की सगळ्यातलंच. दोन आठवडे किंवा जास्त काळ कशातच रस वाटत नाही, खाणं-झोपणं बिघडलं आहे, जगण्याचाच कंटाळा येतो आहे, असं असेल तर छंदाच्या गप्पा थांबवून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं. त्यासाठी आम्ही गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न असलेली एक साधी चाचणी वापरतो. माधुरीताईंचं तसं नव्हतं. मुलीचा फोन आला की खुलत होत्या, भाजी आणताना शेजारणीशी हसत होत्या. मन उडालं होतं ते एवढ्या एकाच खोलीतून.

पुढच्या भेटीत त्यांनी दोन्ही प्रिंट आणले. पुतण्याच्या फोटोत चेहरा गुळगुळीत, मिटलेले ओठ किंचित विलग आणि आत पांढरेशुभ्र दात. कपाळावरची आडवी चिरी जाऊन गोल टिकली आलेली. हनुवटीवरचं गोंदण गायब. गोंदण हे गोंदण आहे हे त्या अॅपला कळायचं काही कारणच नव्हतं, बुरशीच्या ठिपक्यांबरोबर तेही साफ झालं. ही अॅप्स फोटोत दडलेला चेहरा शोधून काढत नाहीत. हजारो-लाखो चेहरे पाहून ‘इथे बहुधा काय असेल’ ते भरतात. 2020 मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांच्या अशाच एका साधनाला बराक ओबामांचा धूसर फोटो दिला, तर त्यातून गोऱ्या माणसाचा चेहरा बाहेर आला होता. ज्या चेहऱ्यांवर मशीन शिकलं, त्यांच्याकडेच ते ओढ घेतं.

“मग झालं की! तुमचाच फोटो खरा,” असं म्हणून मला त्यांना घरी पाठवता आलं असतं. पण पुढची हकिकत त्यांनीच सांगितली. आत्याबाई, म्हणजे फोटोतल्या बाईंची सख्खी मुलगी, आता नव्वदीला टेकलेल्या. त्यांच्यापुढे दोन्ही प्रिंट ठेवले. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि रंगीत उचलला. “आई इतकी देखणी नव्हती गं. पण असू दे.” तोच त्यांच्या पलंगाजवळ लागला.

म्हणजे ‘माझं काम जास्त खरं आहे’ हा आधारही पुरेना. त्यात त्यांच्या लक्षात आलं होतं की आपलं हाताचं काम तरी कुठे पुरतं हाताचं? हीलिंग ब्रश फोटोशॉपमध्ये 2002 ला आला, आणि डागाच्या आजूबाजूचा पोत जुळवण्याचं गणित तो तेव्हापासून स्वतःच करतो. 2010 ला आजूबाजूचं पाहून रिकामी जागा भरणारी सोय आली, 2023 ला शब्दांत सांगितलं की चित्र भरून देणारी. त्याही आधी स्टुडिओतले लोक निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलने सुरकुत्या घालवत होतेच. हात आणि मशीन यांच्यामध्ये रेघ मारायची तर कुठे मारणार? मला विचाराल तर छंदाच्या बाबतीत ती मारण्याची गरजच नाही. जिथे आहे तिथे ती स्पष्ट असते. स्पर्धेला फोटो पाठवायचा तर नियम वाचायचे आणि काय वापरलं ते सांगायचं. 2023 मध्ये सोनीच्या जागतिक छायाचित्र स्पर्धेत बोरिस एल्डागसेन या जर्मन कलाकाराने एका गटाचं बक्षीस नाकारलं, कारण ते चित्र एआयने केलेलं होतं आणि स्पर्धा यासाठी तयार आहेत का हेच त्याला पाहायचं होतं. लग्नाचे अल्बम करून पोट भरणारा माणूस आला तर त्याची भीती रोजीरोटीची असते. त्याच्याशी आनंदाच्या गप्पा मारणं मला निर्दयपणाचं वाटतं.

माधुरीताईंना मी एक वही दिली. अॅरन बेक या मानसोपचारतज्ज्ञांच्या उपचारपद्धतीत ही जुनी रीत आहे: काय केलं ते लिहायचं आणि समोर दोन आकडे मांडायचे, आनंद किती आणि जमल्याचं समाधान किती. दहापैकी. फोटो कुठलाही घ्या, अॅप वापरा, नका वापरू, पण कामाचे तुकडे करून प्रत्येकासमोर आकडे लिहा, एवढंच सांगितलं.

त्यांचा स्वतःचा अंदाज असा होता की चेहरा करताना मजा येते आणि ओरखडे काढणं ही हमाली. वहीत उलटं निघालं. चेहऱ्याला समाधानाचे आकडे बरे होते, पण आनंदाचे कमी, कारण तिथे धाकधूक असते: डोळा बिघडला तर, नाक बदललं तर. ओरखडे, बुरशीचे ठिपके, साडीच्या काठावरची एकेक बुट्टी जुळवणं, इथे आनंद आठ-नऊ. “तांदूळ निवडायला बसल्यासारखं होतं. डोकं रिकामं होतं, आणि कुणी हाक मारत नाही.” पार्श्वभूमी वेगळी काढण्याच्या कामापुढे मात्र दोन्ही आकडे तळाला, शिवाय मनगट दुखल्याची नोंद. ते काम त्या दिवसापासून एआयकडे गेलं, आणि त्याचं त्यांना काहीही वाटलं नाही. जे काम मशीनला द्यावं असं सगळे सांगत होते तेच त्यांना सोडायचं नव्हतं, हे वही नसती तर कळलं नसतं.

पण माझं लक्ष अडकलं ते ‘कुणी हाक मारत नाही’ या चार शब्दांपाशी.

मी विचारलं, “आता मारतात का?”

मारत होते. पूर्वी त्या खोलीत गेल्या की घरात एक अलिखित नियम होता. वहिनीचं काम चाललंय, मामीकडे अमक्याच्या मुंजीचा फोटो आहे. सासूबाईंना रात्रीचं दूध नवरा द्यायचा, औषध तोच. अॅपवाला फोटो आला आणि कुणी काही न बोलता तो नियम उठला. “तेवढं आईला दूध देतेस?” “तू काय, नुसतीच बसलीयेस ना?” नवऱ्याच्या बोलण्यात काळजीही होती, डोळ्यांची, मानेची. फोनच करतो आता सगळं, मग उगाच कशाला?

म्हणजे गेलं होतं ते कसब नव्हतं, कौतुकही फारसं नाही. दिवसातले दोन तास दार लोटून बसण्याचं कारण गेलं होतं. ते तास त्यांना ‘उपयोगी काम’ या नावाखाली मिळत होते. उपयोग मशीनने उचलला आणि तास परत घरखात्यात जमा झाले. मशीनवरचा राग त्यांना कळत होता, हा नुकसानीचा भाग मात्र त्यांनी स्वतःशीही मोजला नव्हता.

यात एक मानसशास्त्रातला धागाही आहे. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत एक प्रयोग केला. चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल. नंतर मोकळ्या वेळात हीच मुलं बाकीच्यांच्या निम्म्याच्या आसपास वेळ चित्रांजवळ रमली. बक्षीस मिळून आवड वाढायच्या ऐवजी ‘आपण हे कशासाठी करतो’ याचं उत्तरच बदललं. माधुरीताईंच्या छंदाला इतकी वर्षं उपयोगाचा आणि कौतुकाचा टेकू होता. तो निघाल्यावर आतली आवड शिल्लक आहे का, हे त्यांना स्वतःलाच सांगता येईना. मी विचारलं, हा फोटो कुणालाच दाखवायचा नाही असं ठरलं तर कराल? त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “चेहरा नाही करणार. काठ करीन.”

नवऱ्यालाही एकदा बोलावलं. “मी कुठे नाही म्हणतो? बस की,” हे त्यांचं पहिलं वाक्य. मी विचारलं, तुम्ही रोज पहाटे वेताळ टेकडीवर जाता, येताना मित्रांबरोबर पोहे खाऊन नऊला परतता. त्याचा उपयोग काय? “तब्येतीला बरं.” पोहे? तेही हसले. टेकडीबद्दल त्यांना घरात कधी कुणी विचारलेलं नाही, पोह्यांबद्दल तर नाहीच. माझा अनुभव असा की आपल्याकडे पुरुषाच्या छंदाला नुसती वेळ लागते, बाईच्या छंदाला वर दाखलाही लागतो, कुणाच्या तरी कामाला येतो म्हणून. शिवण, भरतकाम, लोणची, आणि आता फोटो.

त्यांना हे पटायला मी बोलून दाखवायची गरज पडली नाही. मी माधुरीताईंना त्यांच्या समोर एक वाक्य म्हणायला सांगितलं: “मंगळवार आणि शुक्रवार रात्री साडेनऊनंतर मी आत असेन, आईंचं तुम्ही बघायचं.” यात फोटोचा उल्लेख करायचा नाही, ही अट. त्यांना ते जमेना. दर वेळी ‘कारण मला अमक्यांचा फोटो...’ असं शेपूट लागायचं. त्या एका वाक्यावर आमचा बराच वेळ गेला. शेवटी शेपटाशिवाय आलं. नवरा म्हणाला, “बरं.” इतकंच.

मंगळवार-शुक्रवार चालू आहेत, मध्ये सासूबाईंचं दुखणं निघालं तेव्हा मोडले, परत लागले. झोप पूर्वीसारखी नाही, पण बरी आहे. आजेसासूबाईंच्या फोटोवर त्या पुन्हा बसल्या आणि आधी पुसलेली गाळाची रेघ जुन्या लेयरमधून खालच्या कडेला परत आणली, फिकट. आत्याबाईंना पुराची आठवण सांगायला तेवढी पुरते म्हणाल्या. तो प्रिंट कुणाला दिलेला नाही. परवा चुलतजावेने नातवाच्या बारशाचा अंधारात काढलेला फोटो पाठवला, “जरा उजळून दे गं.” माधुरीताईंनी पुतण्याचा नंबर दिला आणि लिहिलं, हे त्याचं अॅप माझ्यापेक्षा चांगलं करतं. जाऊबाई रागावल्या आहेत.