टोनकात्सूचं आवरण का सुटतं, काप का वळतो, खालची बाजू का सादळते

टोनकात्सू म्हणजे ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलेला डुकराच्या मांसाचा जपानी काप. त्याबद्दल तुमच्या तीन तक्रारी आहेत: कापताना आवरण सालीसारखं सुटून येतं, काप तळताना वाटीसारखा वळतो, आणि पानात वाढेपर्यंत खालची बाजू सादळते. पहिली आणि तिसरी पाण्यामुळे होते. दुसरी शिरेमुळे होते, पण तीच पहिलीला हातभार लावते.

तळताना मांस आकसतं आणि आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडायला बघतं. आवरण मांसाला घट्ट धरून असेल आणि जाळीदार असेल, तर वाफ त्यातून निघून जाते. मध्ये ओल राहिली किंवा कोरड्या मैद्याचा जाड थर राहिला, तर वाफ तिथेच साठते आणि आवरण पुरीसारखं फुगून मोकळं होतं. कढईत ते दिसत नाही, सुरी लावली की कळतं.

म्हणून सुरुवात मांसापासून करा. जपानमध्ये याला दोन भाग वापरतात: पाठीचा 'रोसू', ज्याच्या एका कडेला चरबीची पट्टी असते, आणि बिनचरबीचा 'हिरे'. रोसूचा दीड ते दोन सेंटिमीटर जाड, साधारण 150 ग्रॅमचा काप घ्या. एक सेंटिमीटरपेक्षा पातळ घेतला तर आवरणाला रंग येईपर्यंत मांस वातड होतं. गोठवलेलं असेल तर रात्रभर फ्रिजमध्ये सुटू द्या. घाईने पाण्यात टाकू नका.

आता शीर. चरबी आणि मांस जिथे मिळतात तिथे एक पांढरट, चिवट पट्टी असते. ती मांसापेक्षा जास्त आकसते आणि काप वाटीसारखा ओढून घेते. सुरीच्या टोकाने त्या रेषेवर दोन-दोन सेंटिमीटरवर चार-पाच आरपार चिरा द्या आणि उलटून दुसऱ्या बाजूनेही बघा. नंतर लाटण्याने हलकेच ठोका आणि पसरलेला काप हाताने पुन्हा मूळ आकारात गोळा करा. हे गोळा करणं बहुतेक जण सोडून देतात, आणि मग जाडी जाते.

कागदाने दोन्ही बाजू कोरड्या पुसा. मीठ आवरण लावायच्या अगदी आधी, एका कापाला पाव चहाचा चमचा, वर मिरपूड. मीठ लावून अर्धा तास ठेवलं तर पाणी सुटतं, मग पुन्हा पुसावं लागेल.

मैदा लावून जोरात झटका. मांसावर धुक्यासारखा थर पुरे, पांढरे ठिपके दिसले तर जास्त झालाय. मग फेटलेलं अंडं, कुठेही कोरडा डाग न राहू देता. आवरण नेहमीच सुटत असेल, तर दोन कापांना एक अंडं, तीन मोठे चमचे मैदा आणि एक मोठा चमचा पाणी एकत्र फेटून दाटसर मिश्रण करा. जपानी दुकानांतही अशी पद्धत आहे. मग कोरडा मैदा वेगळा लावायचा नाही. हे मिश्रण जास्त घट्ट चिकटतं.

आवरणासाठी वापरतात तो जपानी ब्रेडचा चुरा, म्हणजे पांको, हा नेहमीच्या चुऱ्यासारखा नसतो. त्याचा ब्रेड बऱ्याचदा भट्टीऐवजी विजेचा प्रवाह सोडून शिजवतात, त्यामुळे त्याला तपकिरी कड येत नाही, आणि तो पात्यापात्यांसारखा किसला जातो. पॅकेटमधला रव्यासारखा बारीक चुरा इथे चालणार नाही: तो गच्च बसतो, वाफेला वाट देत नाही आणि तेल पितो. पांको मिळत नसेल तर आदल्या दिवशीचा साधा पांढरा ब्रेड कडा काढून मिक्सरला दोन-तीनदा फिरवा, मोठे तुकडे राहिले पाहिजेत. सुका पांको असेल तर 50 ग्रॅमवर मोठा चमचाभर पाणी फवारून पाच मिनिटं ठेवा. तो लवकर करपत नाही आणि काटेरी उभा राहतो. काप चुऱ्यात ठेवून वरून भरपूर चुरा टाका, तळव्याने हलके दाबा, चेपू नका. मग दहा मिनिटं तसाच राहू द्या.

तेल तीन-चार सेंटिमीटर खोल हवं, वास नसलेलं. 160 अंशाला सोडा. थर्मामीटर नसेल तर चुऱ्याचा कण टाका: तळाला जाऊन सावकाश वर आला तर तेल तयार आहे. एका वेळी एक किंवा दोनच काप, नाहीतर तेल थंड होतं. पहिलं मिनिट हात लावू नका, ओलं आवरण चिमट्याला लागून निघतं. दोन मिनिटांनी उलटा, आणखी दोन मिनिटांनी काढून जाळीवर उभा ठेवा. चार मिनिटं थांबा, आतली उष्णता या वेळात मधोमध पोहोचते. मग 180 अंशाला एक मिनिट.

आवाज ऐका. सुरुवातीला बुडबुडे मोठे आणि खळखळ जाड असते, शेवटी बुडबुडे बारीक होतात, आवाज चढतो आणि काप हलका होऊन वर तरंगतो. चिमट्यात धरला की बारीक थरथर हाताला जाणवते. आत 63 अंश आणि त्यानंतर तीन मिनिटं विश्रांती मिळाली पाहिजे. मांस कुठून आलं याची खात्री नसेल तर 70 अंशापर्यंत न्या.

तिसऱ्या तक्रारीचं उत्तर जाळीतच आहे. कागदावर आडवा ठेवलेला काप स्वतःच्याच वाफेत सादळतो. जपानी दुकानांत म्हणूनच ताटातही छोटी जाळी देतात. कापताना सुरी सरळ खाली दाबा, पुढेमागे करवतीसारखी चालवली की आवरण ओढलं जातं.

सॉससाठी तीन चमचे केचप, दोन चमचे वूस्टर सॉस, एक चमचा ऑयस्टर सॉस आणि अर्धा चमचा साखर. तो बाजूला द्या, वर ओतू नका. कोबी केसासारखा बारीक चिरून पाच मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि पूर्ण निथळा. ओल्या कोबीचं पाणी कापाखाली गेलं तर सगळी मेहनत वाया.

उरलेला काप मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, त्याचा कात्सुदोन करा, म्हणजे भातावर अंड्यासकट वाढलेला कात्सू. तिथे आवरण मुद्दाम भिजवतात. अर्धा कांदा 100 मिलिलिटर दाशी (जपानी सूपाचं पाणी), दीड-दीड मोठा चमचा सोया सॉस आणि मिरिन (गोडसर तांदळाची वाइन), आणि चहाचा चमचाभर साखरेत मऊ होऊ द्या. त्यावर कापलेला कात्सू ठेवून दोन अंडी अर्धवट फेटून ओता, झाकण ठेवा, आणि अंडं पूर्ण घट्ट व्हायच्या आत आच बंद करून गरम भातावर सरकवा.