रुजू होण्याआधीची ड्रग टेस्ट

पाठदुखीसाठी ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक चालू आहे, अमेरिकेतल्या हॉस्पिटलात नोकरीला लागताना तिथली ड्रग टेस्ट आडवी येईल का, असं विचारलंत. व्हिसाचं सगळं सरकारी पत्रकांत मिळेल. मी पुढचं सांगते.

पहिली चाचणी इम्युनोअसेची, म्हणजे प्रतिपिंडांच्या मदतीने औषध ओळखण्याची, झटपट पण ढोबळ. नेहमीची ‘ओपिएट’ (अफूपासूनची औषधं) चाचणी मुख्यतः मॉर्फिन आणि कोडीन पकडते. ट्रॅमाडॉल, फेंटानिल, मेथाडोन या प्रयोगशाळेत बनणाऱ्या औषधांना वेगळी चाचणी लागते, आणि ती तुमच्या पॅनेलमध्ये, म्हणजे चाचण्यांच्या संचात, असू शकते. लघवीत यातली बरीचशी औषधं साधारण एक ते तीन दिवस दिसतात. खसखस खाल्ल्यानेही मॉर्फिन दिसतं, म्हणून तिथल्या सरकारी चाचण्यांत पॉझिटिव्ह धरण्याची मर्यादा १९९८ मध्ये ३०० वरून २००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर केली. खाजगी हॉस्पिटलांवर ती बंधनकारक नाही.

मी तिथे रुजू होणार होते तेव्हा माझं खोकल्याचं औषध कोडीनचं होतं, डॉक्टरांनी लिहून दिलेलं. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली. मग मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणूंच्या वजनावरून नेमका पदार्थ ओळखणाऱ्या दुसऱ्या चाचणीने, नेमकं कोडीन दाखवलं, आणि शरीर त्याचं मॉर्फिन करतं म्हणून थोडं तेही. प्रयोगशाळेचं काम चोख होतं. घोळ कागदांचा! निकाल तपासणाऱ्या डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शन मागितलं, त्यावर नुसतं ब्रँडचं नाव. नवं पत्र मागवलं, त्यावर तारीख नाही. तोवर रुजू होणं लांबलं, त्यामुळे घराचा करार लांबला, आणि पत्त्याचा पुरावा नाही म्हणून मुलीचा शाळाप्रवेश. ती वर्षाच्या मधेच वर्गात गेली आणि तिला वाचनाच्या सर्वांत खालच्या गटात बसवलं. कुणी तिच्याकडून एक पान वाचून घेतलं नाही. आजही हा विषय निघाला की माझा आवाज चढतो.

एकटेपणा येतो, कामाला लागलं की कमी होतो. मला जास्त लागलं ते वेगळंच. निकालातून लघवीत काय आहे एवढंच कळतं, व्यसन आहे की नाही ते कळत नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी ते दिवस मी घरी फोनवर कुणालाच काही बोलले नाही, आईलाही नाही. का, ते अजून उमगलेलं नाही.

तुम्ही गोळ्या मनाने बंद करू नका. चाचणीआधी तांब्याच्या तांब्या पाणीही पिऊ नका, नमुना पातळ निघाला तर पुन्हा द्यावा लागू शकतो. औषधाचं मूळ नाव, मात्रा, कारण, तारीख आणि सही असलेलं पत्र निघण्याआधीच घ्या. मुलं शाळेतली असतील तर शाळा उघडण्याच्या निदान महिनाभर आधी रुजू होता येईल अशी तारीख मागून घ्या.