‘रिझर्व्ह एअरलिफ्ट विंग’ला मराठीत काय म्हणायचं? (आणि यात बारगीर कुठून आला)

प्रश्न थोडक्यात असा: एका ताईंकडे अमेरिकन हवाई दलाच्या ४३३व्या एअरलिफ्ट विंगचा इतिहास अनुवादाला आलाय. ही विंग एअर फोर्स रिझर्व्हची, मुक्काम टेक्सासात सॅन अँटोनियोला. मशीनने त्याचं केलं ‘राखीव हवाई उचल पंख’. त्यांनी सुधारून ‘हवाई वाहतुकीची राखीव तुकडी’ केलं, पण कायतरी खटकतंय म्हणतात. बरोबरच खटकतंय, फक्त कुठे ते बघू.

आधी मशीनचं बाजूला काढू. ‘उचल’ म्हटली की मराठी माणसाला ऊसतोड कामगारांनी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम आठवते, विमान नाही. आणि विंगचा पंख तर करूच नका, आपण सोसायटीत ‘बी विंगला लिफ्ट बंद आहे’ म्हणतो तेव्हा कुणाच्या डोळ्यासमोर पंख येतात का? शिवाय विंग कमांडर हा शब्द पेपरात इतका येतो की विंग आता आपलीच झालीये. विंग ठेवा, स्त्रीलिंगी ठेवा, विषय संपला.

‘तुकडी’ही नको. शाळेतली अ तुकडी म्हणा नाहीतर पुरात मदतीला आलेली जवानांची तुकडी म्हणा, तुकडी म्हणजे थोडी माणसं. विंगमध्ये विमान उडवणारी स्क्वाड्रन असते, दुरुस्तीवाले असतात, माल चढवणारे-उतरवणारे, जखमींना विमानातून नेणारे डॉक्टर-नर्स, असा सगळा बारदाना असतो.

आता मुख्य गोची. ‘राखीव’. शब्द अस्सल आहे, राखणे वरून आलाय, पण मराठीत राखीव म्हणजे बाजूला काढून ठेवलेलं, वेळ आली तर वापरायचं. राखीव जागा, राखीव जंगल, बाकावर बसलेला राखीव खेळाडू. आणि ‘राज्य राखीव पोलीस दल’ घ्या, ते तर पूर्णवेळ नोकरीवालं दल आहे. एअर फोर्स रिझर्व्ह यातलं काहीच नाही. हे लोक सोमवार ते शुक्रवार कुठेतरी वेगळीच नोकरी करतात, कुणी प्रवासी विमानाचा पायलट, कुणी शाळेत शिक्षक, कुणी पोलीस, आणि महिन्यातला एक शनिवार-रविवार अन् वर्षातले दोन आठवडे गणवेश चढवतात, हा झाला कागदावरचा हिशोब, विमानावरच्या लोकांना प्रत्यक्षात बरेच जास्त दिवस द्यावे लागतात कारण उडण्याचा हात सुटून चालत नाही. आपल्याकडे याच्या जवळचं म्हणजे होमगार्ड, जे मुंबईत १९४६ साली उभे राहिले, किंवा टेरिटोरियल आर्मी, जिचं सरकारी मराठी ‘प्रादेशिक सेना’ आहे. धोनी २०१९ मध्ये काश्मीरला ड्यूटी करून आला ती हीच.

आणि बाकावर बसणं तर यांच्या नशिबी फारसं नव्हतंच. ४३३चाच इतिहास घ्या. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या जंगलावरून डकोटा विमानांनी सैनिक आणि सामान नेणारा ४३३वा ‘ट्रूप कॅरियर ग्रुप’ होता, म्हणजे सैन्यवाहू गट (हा शब्द मला आवडतो, मालवाहू असेल तर सैन्यवाहू का नको). युद्धानंतर १९४८ मध्ये एअर फोर्स रिझर्व्ह निघालं आणि त्यात हा आकडा परत जिवंत झाला. कोरियाचं युद्ध पेटल्यावर यांना कामावर बोलावलं आणि पाठवलं कुठे, तर जर्मनीत, कारण युरोपात रशिया काय करेल याची धास्ती होती. १९६० मध्ये मुक्काम सॅन अँटोनियोच्या केली तळावर आला. १९८०च्या दशकात त्यांना सी-५ गॅलक्सी मिळालं, रिझर्व्हमध्ये हे विमान सगळ्यात आधी यांच्याकडेच आलं. प्रचंड धूड, नाकाड वर उघडतं आणि उंट बसतो तसं चाकं दुमडून खाली वाकतं म्हणजे ट्रक सरळ आत घालता येतो.

मग २९ ऑगस्ट १९९०. सद्दामने कुवेत घेऊन महिनासुद्धा झाला नव्हता. जर्मनीतल्या रामस्टाईन तळावरून रात्री उडालेलं सी-५ काही सेकंदांत कोसळलं, एका इंजिनाचा थ्रस्ट रिव्हर्सर, म्हणजे उतरल्यावर ब्रेकसारखा वापरायचा भाग, हवेतच उघडला होता. १७ जण होते, १३ गेले. विमान चालवणारे या ४३३चेच, रिझर्व्हचे लोक. आता या माणसांना ‘राखीव’ म्हणताना जीभ अडखळते की नाही सांगा.

नावही बदलत गेलंय हे अनुवादात सांभाळा: आधी ट्रूप कॅरियर, मग टॅक्टिकल एअरलिफ्ट, मग मिलिटरी एअरलिफ्ट, आणि १९९२ पासून नुसतं एअरलिफ्ट. मराठीत सगळीकडे एकच ‘वाहतूक विंग’ लावलंत तर हा प्रवास पुसला जाईल.

‘एअरलिफ्ट’ शब्द जगाच्या तोंडी बसला तो १९४८-४९ च्या बर्लिनच्या कोंडीमुळे. रशियनांनी रस्ते-रेल्वे बंद केले आणि दोस्त राष्ट्रांनी शहराला कोळसा, पीठ, सगळं विमानाने पोचवलं. जर्मन लोक त्याला लुफ्टब्र्युके म्हणतात, म्हणजे हवाई पूल. किती छान शब्द! पण तो त्या मोहिमेपुरता चांगला, विंगला ‘हवाई पूल विंग’ म्हटलं तर फ्लायओव्हर खातं वाटेल. आणि मराठी बातम्यांत ‘एअरलिफ्ट केलं’ म्हणजे बहुतेक वेळा पेशंटला किंवा पुरात अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने काढलं, हा अर्थ थोडा वेगळा, तो डोक्यात ठेवा.

आता बारगीर. ताईंनी पुढे विचारलंय की मजकुरात ‘असोसिएट युनिट’ येतं त्याचं काय करू, ‘संलग्न घटक’ चालेल का. चालेल, पण त्यातून कळत काही नाही. रिझर्व्हच्या वाहतूक विंगा दोन जातीच्या. एक, जिच्याकडे स्वतःची विमानं आहेत, ४३३सारखी. दुसरी, जिच्याकडे माणसं आहेत पण विमान एकही नाही, ती शेजारच्या पूर्णवेळ विंगची विमानं उडवते. ही पद्धत १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॉर्टन तळावर सी-१४१ विमानांवर सुरू झाली. हिशोब साधा होता, विमान महाग, ते जमिनीवर उभं राहून परवडत नाही, मग त्याच विमानाला माणसांचा दुसरा संच लावा. आज दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटनला रिझर्व्हची ३१५वी विंग आहे ती पूर्णवेळ ४३७व्या विंगची सी-१७ विमानं उडवते.

आपल्याकडे याला दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीच शब्द होते की! स्वतःचा घोडा घेऊन येतो तो शिलेदार, आणि सरकारी पागेतला घोडा मिळतो तो बारगीर. म्हणजे ४३३ शिलेदार आणि ३१५ बारगीर. उपमा पुरती जुळत नाही, ४३३ची विमानंही शेवटी सरकारचीच, कुणी वैमानिकाने घरून आणलेली नाहीत, पण वाचकाला फरक एका वाक्यात कळतो. आणि गंमत पुढेच आहे. बारगीर मूळ फारसी, बार म्हणजे ओझं, गीर म्हणजे घेणारा. ओझं घेणारा! एअरलिफ्टवाल्याला याहून नेमका शब्द शोधून सापडायचा नाही. (बंगालीतला ‘बर्गी’ हाच, म्हणजे बंगालवर धाडी घालणारे मराठे स्वार, ज्यांची भीती तिकडच्या अंगाईत अजून आहे, म्हणून कोलकात्याच्या मित्राला ही उपमा सांगू नका.)

तर माझं मत असं. रिझर्व्ह हे विशेषण न ठेवता नाम करा आणि त्याला षष्ठी लावा: ‘हवाई दल रिझर्व्हची ४३३वी एअरलिफ्ट विंग’. पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ टाका, रिझर्व्ह म्हणजे अर्धवेळ सैनिकांचं दल, मग पुढे बिनधास्त रिझर्व्ह लिहा. राखीव फक्त खरंच साठवून ठेवलेल्या गोष्टीला, राखीव इंधन, राखीव इंजिन. असोसिएटला ‘सहयोगी विंग’ लिहा आणि शिलेदार-बारगीरचं एक वाक्य कंसात द्या, संपादकाने कापलं तर मला कळवा, मी भांडतो.

शेवटचा प्रश्न लोडमास्टरचा होता. कोणतं पॅलेट, म्हणजे सामान रचून बांधलेली फळी, विमानात कुठे बसवायचं, वजनाचा तोल कसा राखायचा, साखळ्या कशा आवळायच्या हे बघणारा माणूस, सी-५ मध्ये अशी ३६ पॅलेटं मावतात म्हणजे काम केवढं ते बघा. ताईंनी ‘भारप्रमुख’ केलंय. अहो, आपण स्टेशनमास्तर, पोस्टमास्तर, बँडमास्तर पचवले, लोडमास्तर लिहा की सरळ. बाई असली तरी लोडमास्तरच, मास्तरीण म्हटलं की हातात पट्टी दिसते.