धूळ एकच आहे ताई, पण केसेस दोन आहेत

वणी-घुग्गुस पट्ट्यातल्या एका ताईंनी लिहिलंय, पत्र मोठं होतं, मी थोडक्यात मांडतो. मिस्टर ४० वर्षांचे, गावाजवळच्या स्पंज आयर्नच्या कंपनीत ११ वर्षं ठेकेदाराकडे कामाला, क्रशरवर आणि कच्चा माल चाळायच्या ठिकाणी, पगार १२ हजार. दोन वर्षांपासून दम लागतो, टीबीचा कोर्स दोनदा झाला पण थुंकी दोन्ही वेळा निगेटिव्ह. आता नागपूरला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात दाखवलं तर कार्डावर सिलिकोसिस लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलंय. ठेकेदार म्हणते बिडी आणि खर्र्यामुळं (तंबाखू-सुपारीमुळं) झालं, तरी माणुसकी म्हणून ५० हजार देतो, स्टँप पेपरवर सही करा. शिवाय घरचा तीन एकर कापूस दरवर्षी काळा पडतो आणि सात वर्षांच्या पोराला हिवाळाभर वाफ द्यायला पीएचसीत न्यावं लागतं. ताई विचारतात, "पन्नास हजार घेऊन टाकू का, कोर्टात लढायला पैसा कुठून आणू?"

ताई, पैसे घेऊ नका आणि सही तर मुळीच करू नका. आणि सही झालीच असेल घाबरून, मिस्टरांनी तुम्हाला न सांगता केली असेल, तरी रडत बसू नका, कारण कामगाराने नुकसानभरपाईचा हक्क सोडल्याचा कागद कायद्याने तेवढ्यापुरता रद्दच असतो, १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याचं कलम १७ हेच सांगत आलंय. तो कागद ठेकेदाराच्या काही कामाचा नाही, पण भांडण लांबवायला तो वापरेल, म्हणून सही नकोच.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही पत्रात सगळं एकत्र लिहिलंय, मिस्टरांची छाती, पोराचा दम, काळा कापूस, आणि तुम्हाला ते एकच दुःख वाटते कारण एकाच चिमणीतून आलंय. पण कायद्यात याच्या दोन वाटा आहेत आणि त्या वेगवेगळ्या इमारतीत जातात. कामगाराच्या शरीराचं नुकसान कामगार कायद्यात. पोराचं, शेताचं, गावाचं नुकसान हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाच्या केसेसच्या कोर्टात. लवादाच्या २०१० च्या कायद्यात कलम १७ मध्ये भरपाईच्या ठिकाणी "कामगार सोडून इतर कोणतीही व्यक्ती" असंच लिहिलंय. मी असे अर्ज पाहिलेत ज्यात गावाच्या निवेदनात तीस कामगारांची नावं घालून सगळं पुण्याला लवादाकडे पाठवलं आणि मधल्या काळात कामगारांची मुदत निघून गेली. म्हणून दोन फाईली करा, आजच, दोन वेगळ्या पिशव्या.

पहिली पिशवी मिस्टरांची. त्यात सगळ्यात आधी ते प्रश्नचिन्ह काढायचंय. सिलिकोसिस म्हणजे दगडामातीतल्या सिलिकाची बारीक धूळ, डोळ्याला न दिसणारी, फुफ्फुसात खोल जाऊन बसते आणि तिथे व्रण होत जातात, ते परत भरून येत नाहीत, काम सोडलं तरी आजार पुढे सरकू शकतो. एक्सरेत तो पुष्कळदा टीबीसारखाच दिसतो म्हणून हजारो मजूर वर्षानुवर्षं टीबीच्या गोळ्या खात राहतात. आणि ज्याला सिलिकोसिस आहे त्याला खरा टीबी होण्याचा धोकाही जास्त, त्यामुळे चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. टीबीच्या जुन्या कार्डामुळे केस कमजोर होते असं तुम्हाला कोणी सांगितलं तर ऐकू नका, व्यावसायिक रोगांच्या यादीत सिलिकोसिससोबत येणारा टीबीसुद्धा आहे.

तर परत मेडिकलच्या छातीच्या ओपीडीत जा आणि डॉक्टरांना कामाची पूर्ण हकीकत सांगा, कोणत्या मशिनीवर, किती तास, मास्क मिळायचा की तोंडाला दुपट्टा बांधायचा, पाणी मारायचे की कोरडंच चालायचं. डॉक्टरलोक गर्दीत असतात, ते "धंदा" या रकान्यात "मजूर" लिहून मोकळे होतात आणि आपली अर्धी केस तिथंच बुडते, म्हणून हट्ट धरा की "११ वर्षं क्रशरवर" हे कार्डावर लिहाच. एचआरसीटी म्हणजे छातीचं बारीक सीटी स्कॅन आणि फुंकून करायची फुफ्फुसाची तपासणी पीएफटी, दोन्हीचे रिपोर्ट घ्या. निदान पक्कं झालं की कारखान्यांच्या मुख्य निरीक्षकाला लेखी कळवायची जबाबदारी डॉक्टरवरही आहे, ही गोष्ट १९४८ च्या कारखाना कायद्यापासून चालत आलीय आणि फार थोड्या लोकांना माहीत आहे. तुम्ही स्वतःही औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या नागपूर ऑफिसला अर्ज द्या, पोचपावती घ्या. धोक्याच्या कामावरच्या माणसाची वर्षातून एकदा तपासणी करायची आणि त्याचं रेकॉर्ड ठेवायचं काम कंपनीचं असते. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या केसमध्ये ४० वर्षं आरोग्याचं रेकॉर्ड जपायला सांगितलं होतं आणि कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं होतं. त्यामुळे कंपनीकडे लेखी मागा, मिस्टरांचे ११ वर्षांचे तपासणी रिपोर्ट द्या. दिले तर पहिल्या वर्षीचा स्वच्छ एक्सरे आपला सगळ्यात मोठा साक्षीदार, नाही दिले तर तपासणी केलीच नाही असं म्हणायला आपल्याला आधार मिळतो.

बिडी-खर्र्याचं ऐका. खर्र्याने तोंड जाते, त्याबद्दल मिस्टरांना मीही रागावीन आणि दोन्ही सोडायलाच लावा, पण खर्र्याने फुफ्फुसात सिलिकाच्या गाठी होत नाहीत. बिडीने दम वाढतो हे खरं, पण बिडीत दगडाची धूळ नसते. यादीतला रोग यादीतल्या कामावर ठरलेला काळ काम केलेल्या माणसाला झाला की तो कामामुळेच झाला असं कायदा धरून चालतो, उलटं सिद्ध करायचं ओझं मालकावर. (जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांनीही वाचून ठेवा, सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळून येते ना, कापसाच्या धुळीचा तो बिसिनोसिस पण याच यादीत आहे.)

ठेकेदार मधात तीनदा बदलला असं तुम्ही लिहिलंय. त्याने फरक पडत नाही. गेट तेच आहे ना? ठेकेदाराच्या माणसाची भरपाई मूळ कंपनीकडून मागता येते, कंपनीने मग ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्यांचा आपसातला मामला. अपॉइंटमेंट लेटर नाही म्हणता तर गेटपास, पीएफचा यूएएन नंबर, बँकेच्या पासबुकात पगार आल्याच्या नोंदी, ड्रेसवरचा फोटो, व्हॉट्सॲपवर सुपरवायझरने पाठवलेली ड्युटी, सोबतच्या दोन-चार लोकांचे जबाब, यातूनच नोकरी सिद्ध होते.

एक गोष्ट मात्र आधी तपासा, पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापतात का? १२ हजार पगारावर योजना लागू असेल तर कापलं जायला पाहिजे, कारण मर्यादा २१ हजारांची आहे. ईएसआय असेल तर कामगार न्यायालयाची भरपाईची वाट बंद होते आणि ईएसआयच्या मेडिकल बोर्डासमोर अपंगत्व ठरवून दर महिन्याचा लाभ घ्यावा लागते, उपचारही त्यांच्याकडे. हे न पाहता दावा टाकला तर दोन वर्षांनी कोर्ट म्हणेल की चुकीच्या दारात आलात.

ईएसआय नसेल तर हिशोब असा. समजा कमावण्याची ताकद पूर्ण गेली असं डॉक्टरने लिहिलं, तर पगाराच्या ६० टक्के म्हणजे ७,२०० रुपये, गुणिले वयाचा आकडा, ४० व्या वर्षासाठी तो १८४.१७ आहे, म्हणजे १३ लाख २६ हजार २४ रुपये. निम्मी ताकद गेली असं ठरलं तर याच्या निम्मे. वर उपचाराचा झालेला खर्च, देय झाल्यापासून १२ टक्के व्याज, आणि विनाकारण टाळाटाळ केली तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. आता ठेकेदाराचे ५० हजार या रकमेच्या बाजूला ठेवून पहा, माणुसकी किती आहे ते दिसेल.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्यात, भरपाईचा जुना कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. कोणतं कलम लिहायचं ते तुमचा वकील निदानाची तारीख बघून ठरवेल, व्यावसायिक रोगाची जबाबदारी मालकाची हा पाया तोच आहे. तुम्ही दाव्यासाठी दोन वर्षांची मुदत डोक्यात ठेवा आणि त्यातल्याही पहिल्या सहा महिन्यांतच दावा टाकायचं बघा. दावा तुम्ही राहता त्या भागातही लावता येतो, कंपनीचं हेड ऑफिस मुंबईत आहे म्हणून तिकडं पळायची गरज नाही.

दुसरी पिशवी गावाची. आपला हा पट्टा काही लपलेला नाही, २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले तेव्हा शेजारचं चंद्रपूर ८३.८८ गुण घेऊन देशात चौथं होतं आणि २०१० मध्ये नवीन कारखान्यांवर काही काळ बंदी आली होती. पण लवादात "इकडे प्रदूषण फार आहे" चालत नाही, या चिमणीने या तारखेला या शेताचं हे केलं असं दाखवावं लागते. तुम्ही लिहिलंय की रात्री बारानंतर धूर जास्त सुटतो. मग माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाका, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चंद्रपूर ऑफिसला, आणि तीन गोष्टी मागा: कंपनीचं संमतीपत्र अटींसकट, गेल्या पाच वर्षांचे तपासणी रिपोर्ट, आणि धूळ पकडणाऱ्या यंत्रणेच्या वेगळ्या वीजमीटरच्या नोंदी. स्पंज आयर्नवाल्यांना हा वेगळा मीटर ठेवावा लागतो. रात्री यंत्रणा बंद असेल तर युनिट खोटं बोलणार नाहीत. हवेत पीएम १० चं, म्हणजे बारीक धुळीचं, प्रमाण २४ तासांत १०० मायक्रोग्रॅमच्या वर जायला नको, मंडळाला लेखी मागणी करा की आमच्या गावात येऊन मोजा.

पोराच्या पीएचसीच्या प्रत्येक भेटीची चिठ्ठी ठेवा. आशाताईंना विचारा अजून किती घरी लेकरांना वाफ द्यावी लागते, ग्रामसभेत ठराव घ्या आणि त्यात घरांची संख्या लिहा. लवादात भरपाईसाठी मुदत पाच वर्षं आहे, पण ती कारण पहिल्यांदा घडलं तेव्हापासून मोजतात, आणि नुसतं प्रदूषण थांबवा म्हणून जायचं असेल तर सहाच महिने. फी साधारण भरपाईच्या एक टक्का, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तीही माफ. पुण्याच्या खंडपीठाकडे आपली केस जाते.

पैशाचं विचारलं होतं. बाई म्हणून तुम्हाला आणि औद्योगिक कामगार म्हणून मिस्टरांना, दोघांनाही विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला न मागता. तालुका कोर्टातच समितीचं ऑफिस असते, साध्या कागदावर अर्ज चालतो. आणि हे लढून मिळते का, तर मिळालंय. मध्य प्रदेशातले आदिवासी मजूर गुजरातेत गारगोटी दळायच्या कारखान्यात गेले आणि सिलिकोसिसने मेले, तिथं २३८ जणांच्या घरच्यांना प्रत्येकी ३ लाख द्यायला सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये गुजरात सरकारला लावलं. पण ते पैसे माणसं गेल्यावर आले ताई, दहा वर्षं केस चालून. तुमचे मिस्टर आज जिवंत आहेत, स्वतःच्या तोंडाने जबाब देऊ शकतात, म्हणून मी घाई करतोय. त्यांचा जबाब पहिल्या महिन्यातच नोंदवून घ्या आणि क्रशरवर परत पाठवू नका, ठेकेदाराने "हलकं काम देतो" म्हटलं तर धुळीपासून लांबचं आहे का ते आधी बघा.

एक्सरेच्या प्लेटी टिनाच्या घरात उन्हाळ्यात एकमेकींना चिकटतात, मधात कागद घालून सपाट ठेवा, घडी नको. आणि कापूस फुटला की सितादही (पहिल्या वेचणीची पूजा) करायच्या आधीच, पहिला वेचा व्हायच्या आत, तलाठी आणि कृषी सहायकाला लेखी अर्ज देऊन बांधावर बोलवा, पंचनाम्यात "बोंडावर काळी धूळ" एवढे शब्द येऊ द्या, त्याच दिवशीचे फोटो काढा, मग जिनिंगमध्ये किंवा खरेदी केंद्रावर काळा म्हणून भाव पाडला तर ती पावती याच पिशवीत टाका.