शब्दकोश मिटून वाचायचं कधी?

प्रश्न : ताई, मी वाणिज्य शाखेची पदवीधर. सुटीत वेळ जावा म्हणून जर्मन शिकायला लागले आणि आता बी१ (मधल्या पातळीची) परीक्षा उत्तीर्ण झाले आहे. पुढे मला जर्मन कथा इंग्रजीवरून नाही, थेट जर्मनमधून मराठीत आणायच्या आहेत. वाचनाचं वेड पहिल्यापासूनचं. पण जर्मन कथेचं एक पान संपायला दीड तास लागतो, ओळीओळीला शब्दकोश. सोबतचे म्हणतात, आधी बी२ (त्यापुढची पातळी) कर, मग वाच. थांबू का?

उत्तर : अजिबात थांबू नकोस. बी२ होईल तेही वाचूनच होईल.

तू अडतेस त्याचं मोठं कारण वर्गात कुणी सांगत नाही. बोलताना ‘तो गेला’ म्हणजे ‘एर इस्ट गेगांगन’. ते तू शिकलीस. पण लिहिलेल्या कथेत तोच माणूस ‘एर गिंग’ असा जातो. माझी पहिली कथा या ‘गिंग’पाशीच अडली होती. मूळ क्रियापद ‘गेएन’, म्हणून ते शोधायचं कुठे हेच कळेना. ‘काम’ म्हणजे आला, ‘झा’ म्हणजे पाहिलं, ‘ब्लीब’ म्हणजे राहिला. अशी पन्नासेक रूपं आधी पाठ कर. पानाचा वेळ निम्म्यावर येईल, हे मी माझ्या विद्यार्थ्यांत पाहिलंय.

दुसरं, पूर्णविरामापर्यंत पोचल्याशिवाय शब्दकोश उघडायचा नाही. वाक्याच्या सुरुवातीला ‘फेंग्ट’ दिसलं की तू ‘पकडतो’ असा अर्थ काढशील, आणि शेवटी एकटा ‘आन’ उभा असेल. दोन्ही मिळून ‘सुरू होतं’! क्रियापदासाठी शेवटपर्यंत थांबायची सवय आपल्याला मराठीनं लावलेलीच आहे, ती वापर.

पुस्तक निवडताना कुठलंही पान उघडून शंभर शब्द मोज. दोन-तीनच अडले तर ते तुझं पुस्तक. (भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकारी संशोधकाच्या २००० सालच्या अभ्यासातही आधाराशिवाय समजून वाचायला साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, असंच दिसलं.) दहा-पंधरा अडले तर ते पुस्तक सहा महिने बाजूला ठेव. तोवर पातळीनुसार सोप्या केलेल्या गोष्टी वाच. त्यात कमीपणा मानू नकोस.

वाणिज्य शाखेचं ओझंही नको. हंगेरीच्या नामवंत दुभाषी काटो लोम्ब रसायनशास्त्र शिकलेल्या होत्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक कादंबरी वाचत वाचत रशियन शिकल्या.

आता अनुवाद. तो आजपासूनच सुरू कर, फक्त एकेका परिच्छेदाचा. परिच्छेद तीनदा वाच, पुस्तक मीट आणि मराठीत लिही; मग मुळाशी ताडून बघ. इथे ‘डॉख’, ‘माल’, ‘या’ हे इवले शब्द तुला भेटतील. शब्दकोश त्यांना पाच-सहा अर्थ देतो आणि इंग्रजीत येताना ते बहुतेक वेळा गळूनच पडतात. मराठीत मात्र त्यांना जागा आहे. ‘कॉम माल’ म्हणजे ‘ये ना’. ‘कॉम डॉख’ म्हणजे ‘अगं, ये की’. थेट जर्मनमधून आणायचा तुझा हट्ट मला म्हणूनच फार आवडला. पहिला परिच्छेद झाला की मुळासकट मला पाठव.