‘स्वतंत्र’मधलं तंत्र कुठलं?

आर्वी तालुक्यातल्या एका गावातून प्रश्न आला आहे. संध्याकाळी तिथं देवळापुढच्या ओट्यावर सामुदायिक प्रार्थना होते. कॉलेजात जाणारा एक पोट्टा बसायला तयार होईना. म्हणाला, “लोकशाही आहे, मी स्वतंत्र आहो.” त्यावर एक म्हातारबा कडाडले, “स्वतंत्र म्हंजे सोताचं तंत्र. साधनेबगर तंत्र येते काय? तू कायचा स्वतंत्र!” मग जे व्हायचं ते झालं आणि प्रार्थना राहिली बाजूला. पत्रलेखकाला तीन गोष्टी हव्या आहेत. ‘स्वतंत्र’मधलं तंत्र आणि ‘तंत्रमंत्र’मधलं तंत्र एकच का? गुरूच्या सांगण्यानं चालणाऱ्या साधकाला स्वतंत्र म्हणावं का? आणि १५ ऑगस्टच्या फलकावर ‘स्वातंत्र्यता’ लिहावं की ‘स्वतंत्रता’?

तिसरा प्रश्न आधी, कारण दरवर्षी ऑगस्टात हा शब्द वाचला की माझ्या दाताखाली खडा येतो. ‘स्वतंत्र’ला ‘य’ लावून ‘स्वातंत्र्य’ करा, नाहीतर ‘ता’ लावून ‘स्वतंत्रता’ करा. दोन्ही लावणं म्हणजे टोपीवर टोपी. सौंदर्यता, ऐक्यता, माधुर्यता ही त्याच घरची लेकरं. ‘स्वतंत्रता’ चूक नाही, पण आज मराठी कानाला ते हिंदी वाटतं. फलकावर ‘स्वातंत्र्यदिन’ लिहा, आणि तेही जोडून. छापणारा ‘असंच चालते’ म्हणाला तर पैसे देऊ नका.

आता तंत्राकडे. ‘स्वतंत्र चूल’, ‘स्वतंत्र मीटर’, ‘स्वतंत्र सातबारा’ हे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत, त्यात वेळ घालवत नाही. तंत्र तेच का? हो, तेच. तंत्रनिकेतनातलं, तंत्रज्ञानातलं, पंचतंत्रातलं आणि अमावास्येच्या लिंबू-मिरचीतलं, सगळं एकच तंत्र. धातू ‘तन्’, म्हणजे ताणणे. पुढचा ‘त्र’ हा साधन दाखवणारा प्रत्यय. ज्यानं प्यायचं ते पात्र, ज्यानं कापायचं ते दात्र म्हणजे विळा, ज्यानं जुंपायचं ते योक्त्र. हे योक्त्र आपल्या बैलाच्या मानेला आजही आहे, आपण त्याला जोतं म्हणतो. तसं ज्यावर ताणायचं ते तंत्र. म्हणजे माग, आणि मागावर ताणलेला ताणा, म्हणजे उभे धागे.

इथं प्रवचनकार मंडळी आडवी येतात. ‘तन म्हणजे शरीर, त्र म्हणजे त्राण, देहाचं रक्षण करतं ते तंत्र’ असं मी तीन वेगवेगळ्या मंडपांत ऐकलं आहे. जुन्या आगमग्रंथांतही, म्हणजे उपासनाविधी सांगणाऱ्या ग्रंथांतही, ‘तन’ला विस्तार आणि ‘त्र’ला त्राण जोडणारा श्लोक आहे, हे मला माहीत आहे. तो श्लोक स्मरणासाठी छान आहे, व्युत्पत्ती म्हणून टाकाऊ आहे. विळ्यानं कोणाचं रक्षण होतं? तुरीच्या झाडाचं?

मागाचा अर्थ किती जुना, ते बघा. संस्कृतचा व्याकरणकार पाणिनी, त्यानं मागावरून नुकत्याच उतरवलेल्या कापडासाठी वेगळं सूत्र खर्ची घातलं आहे (५.२.७०). अशा कापडाला ‘तन्त्रक’ म्हणायचं. ऋग्वेदात दहाव्या मंडलात वाणीवर एक सूक्त आहे, ७१ वं. वाईट वाणी घेऊन अजाण लोक ‘तन्त्रं तन्वते’, ताणा ताणत बसतात, असं त्यात म्हटलं आहे. ‘स्वातंत्र्यता’ छापणाऱ्यांची तक्रार वेदकाळीच नोंदवून ठेवली आहे म्हणा ना.

पण ज्याच्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो, ते पुढेच आहे. पाणिनी कर्त्याची व्याख्या दोन शब्दांत करतो: स्वतन्त्रः कर्ता (१.४.५४). क्रियेमध्ये जो स्वतंत्र, तो कर्ता. या दोन शब्दांवर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला पतंजली त्याच्या महाभाष्यात, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या टीकेत, विचारतो: ज्याचं स्वतःचं तंत्र तो स्वतंत्र, असं समजायचं का? तसं समजलं तर काय होईल? ‘तन्तुवाये प्राप्नोति’. हे नाव विणकराला जाऊन चिकटेल! स्वतःचा माग असलेला माणूस म्हणजे विणकरच की. जगातला एकमेव कर्ता कोण, तर विणकर.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा एकटाच मोठ्यानं हसलो होतो. व्याकरणात विनोद नसतो असं म्हणणाऱ्यांनी व्याकरण उघडून पाहिलेलं नसतं.

पतंजली लगेच स्वतःच उत्तर देतो. तंत्र शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक पसरलेला ताणा, जसं ‘आस्तीर्णं तन्त्रम्’. दुसरा प्राधान्य, जसं अमका स्वतंत्र आहे म्हणजे स्वतःच प्रधान आहे. सूत्रात दुसरा घ्यायचा. विषय संपला, विणकर दाराबाहेर.

माझं भांडण इथून सुरू होतं, आणि ते थेट भाष्यकारांशी आहे. हे दोन अर्थ दोन नाहीतच. मागावर आधी काय लागतं? ताणा. तो मोजून, खळ लावून, एकेक धागा फणीतून ओवून पक्का करावा लागतो. बाणा, म्हणजे आडवा धागा, नंतर धोट्यातून येतो आणि जातो, त्याचा रंग अर्ध्यात बदलला तरी चालतं. ताणा एकदा चढवला की त्या लुगड्याचा पन्हा आणि लांबी ठरली. मागावरचं प्रधान काय, तर ताणा. ‘प्राधान्य’ हा अर्थ ताण्यातूनच निघाला आहे. विणकराला हाकललंत तर त्याचा ताणाही त्याच्यासोबत निघून जातो, मग प्राधान्य कशावर विणणार? संस्कृतचे एक प्राध्यापक मला फोनवर म्हणाले, “पतंजलीनं नाकारलेला अर्थ तुम्ही कशाला उकरता?” मी म्हटलं, त्यानं नाकारण्यापुरता तरी तो लिहून ठेवला, तुमच्या कोशांत तर तेवढंही नाही. त्यांनी फोन ठेवला.

आता लक्षात घ्या, ‘स्वतंत्र’ म्हणजे ‘तंत्र नसलेला’ असा अर्थ कुठल्याच बाजूनं निघत नाही. ताणा नसेल तर मागावर नुसता गुंता उरतो. गावात ज्याला आपण मोकाट म्हणतो, तो वेगळा प्रकार. मोकाट ढोर ना आखरावर, म्हणजे गुरं गोळा करायच्या जागी, थांबतं ना गायकीचं, म्हणजे गुराख्याचं, ऐकतं, ते दुसऱ्याच्या वावरात शिरतं आणि शेवटी कोंडवाड्यात जातं. ‘लोकशाही आहे, मी काही पण करीन’ म्हणणाऱ्याला ‘मोकाट’ हा शब्द हवा असतो आणि तो ‘स्वतंत्र’ घेऊन जातो. (तो पोट्टा असं म्हणाला नाही. तो फक्त बसणार नाही म्हणाला. त्याच्यावर अन्याय नको.)

आणि या शब्दाची दुसरी बाजूही झाकू नये. मनुस्मृतीत ‘न स्त्री स्वातन्त्र्यमर्हति’ (९.३) असं येतं. म्हणजे बायकांना नाकारायचं होतं तेव्हाही हाच शब्द हाताशी घेतला. शब्द पवित्र आहे असं मला कोणी सांगू नये.

विदर्भात बसून या तंत्राचा विचार करायचा आणि वर्ध्याला जायचं नाही, हे कसं जमेल? गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला आले. तिथं रोजचं सूत कातणं हा यज्ञ मानला जायचा, सूत्रयज्ञ. प्रार्थना आणि चरखा एकाच दिनक्रमात. जवळच पवनारला विनोबा. १७ ऑक्टोबर १९४० ला वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून ते तिथंच उभे राहिले, आणि मागणी काय होती? युद्धाविरुद्ध बोलण्याचं स्वातंत्र्य. अखंड साधना करणारा माणूस बोलण्याच्या हक्कासाठी तुरुंगात गेला. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनाही १९४२ मध्ये अटक झाली होती, आणि सामुदायिक प्रार्थनेचं वळण आपल्या गावागावांत लावलं ते त्यांनीच. तेव्हा साधना आणि स्वातंत्र्य हे सवत-सवत आहेत, असं निदान आपल्या भागात तरी कोणी म्हणू नये. स्वतःचं सूत, स्वतःचा ताणा: पतंजलीनं बाहेर काढलेला तन्तुवाय वर्ध्याला परत आत आला, असं मी समजतो. हा माझा लाडका सिद्धांत आहे, पटला नाही तर सोडून द्या.

दुसरा प्रश्न साधकाचा. इथं पाणिनी फार गमतीचा आहे. त्याच्या व्याकरणात ‘साधक’ माणूस नाहीच, ते हत्यार आहे! ‘साधकतमं करणम्’ (१.४.४२): क्रिया सिद्ध करायला जे सर्वांत जास्त उपयोगी ते करण. लाकूडतोड्या स्वतंत्र, कुऱ्हाड साधकतम. आपल्याकडे ‘मी तर महाराजांच्या हातची कुऱ्हाड’ असं अभिमानानं सांगणारे आहेत. व्याकरणाच्या दृष्टीनं त्यांचं बरोबर आहे. फक्त मग पुण्य पण लाकूडतोड्याचं.

पण गुरूनं सांगितलं आणि शिष्यानं केलं, एवढ्यावरून शिष्य कुऱ्हाड होत नाही. लगेचच्या सूत्रात (१.४.५५) पाणिनी सांगतो: ‘तत्प्रयोजको हेतुश्च’. त्या स्वतंत्राला जो कामाला लावतो तो हेतू, आणि तोही कर्ताच. ‘त्या’ म्हणजे कोणाला? स्वतंत्राला! कामाला लावला गेलेला माणूसही सूत्रात स्वतंत्रच आहे. कुऱ्हाडीला कोणी ‘जा, तोड’ असं सांगत नाही. सांगायचं कोणाला, तर जो नाही म्हणू शकतो त्याला. म्हातारबांना हे जरूर वाचून दाखवा. पोट्टा नाही म्हणाला, म्हणूनच त्याला सांगण्यात काही अर्थ होता.

हेच मतदानाला लावून पाहा. रात्री दारात येऊन नोट देणारा हेतू, बटण दाबणारा तरीही कर्ता. ‘त्यानं दाबाले लावलं’ ही सबब पाणिनीकडे चालत नाही. राज्यघटनेच्या उद्देशिकेत तर कर्ता पहिल्याच शब्दांत उभा आहे: ‘आम्ही, भारताचे लोक’. पुढची सगळी क्रियापदं त्याची.

‘लोकशाही’ या शब्दाबद्दल पत्रात काही विचारलेलं नाही, पण वाक्य त्या शब्दानं सुरू झालं म्हणून सांगून टाकतो. काही शुद्धीवाल्यांना तो खटकतो, कारण ‘लोक’ संस्कृत आणि ‘शाही’ फारसी. त्यांना ‘लोकतंत्र’ हवं. माझ्या मागाच्या वेडापायी मलाही ते आवडायला हवं होतं, लोकांचा माग! पण ‘लोकशाही’तली ऐट त्यात नाही. शाह हा शब्द जुन्या इराणी भाषेत ज्या राज्य करण्याच्या धातूतून आला, त्याचा संस्कृतातला सख्खा भाऊ ‘क्षत्र’मध्ये आहे. म्हणजे ‘परका’ म्हणून ज्याला हाकलता तो चुलत घराण्यातलाच निघाला. ‘सरकार’चं तेच. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची घोषणा आहे: ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’. तिथली ग्रामसभा बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं ठरवते. एक जण अडला तरी सगळे थांबतात. त्या ‘सरकार’मधलं ‘कार’ म्हणजे फारसीत काम, आणि ते संस्कृत ‘कृ’चं नातेवाईक. ‘कर्ता’मध्येही तोच कृ. ‘आम्हीच सरकार’ आणि ‘स्वतन्त्रः कर्ता’ यांत मला फार अंतर दिसत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या सिद्धांतात अडकून बसली आहे, ती लपवत नाही. भंडारा जिल्ह्यात मोहाडी-आंधळगावकडे कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, विणकाम चालतं, करवतीच्या दात्यांसारखा काठ असलेली करवतकाठी लुगडी. तिथल्या एका घरी मी हौसेनं पतंजलीचा विनोद सांगितला: तुम्हीच जगातले स्वतंत्र, तुमचा माग तुमचा. विणकर हसले. कोपऱ्यात बाण्याच्या धाग्याच्या कांड्या भरत बसलेली त्यांची बायको हसली नाही. हात न थांबवता म्हणाली, “माग यांचा, सूत शेठचं, कांड्या माह्या. लुगडं नेते तो आनखी तिसराच. आता तुमीच सांगा भाऊ, सतंत्र कोन?” मी चष्मा पुसत बसलो. भाष्यात सूत कोणाचं, हा प्रश्न येत नाही. कांड्या भरणारीचा तर नाहीच.

पोट्ट्याचं राहिलंच. उद्देशिकेत ‘विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य’ असे शब्द आहेत. उपासना म्हणजे उप अधिक आस्, जवळ बसणे. तो बसला नाही, म्हणून त्याची उपासना झाली नाही, एवढंच व्याकरण सांगू शकतं. त्याला हात धरून बसवायचा अधिकार व्याकरणात नाही आणि घटनेच्या धर्मस्वातंत्र्याच्या कलम २५ मध्येही नाही. आणि जाता जाता, एकादशीच्या ‘उपासा’ला ‘उपासने’चा धाकटा भाऊ समजू नका. तो ‘उपवासा’तून आला, त्याचा धातू वस्, राहणे. आस् वेगळा, वस् वेगळा. साबुदाण्याचा विषय निघेल तेव्हा त्यावर सविस्तर लिहीन.