‘न मिसळणारे द्रव मिसळणे’ : चूक कुठे आहे?

प्रश्न असा आला आहे : मायक्रोफ्लुइडिक चिपवरच्या (म्हणजे अतिबारीक वाहिन्यांतून द्रव खेळवणाऱ्या चिपवरच्या) मजकुरात ‘विद्युत क्षेत्राने न मिसळणारे द्रव मिसळणे’ असं वाक्य आहे. जे मिसळतच नाहीत ते मिसळणार कसे? त्याऐवजी ‘अमिश्रणीय’ लिहिलं तर भागेल का?

भागणार नाही, उलट बिघडेल. ‘अनीय’ प्रत्ययाचा अर्थ ‘करता येण्याजोगा’. म्हणजे अमिश्रणीय द्रव हे मिसळताच न येण्याजोगे ठरले आणि पुढच्याच शब्दात आपण ते मिसळतोय! ‘न मिसळणारे’ मात्र फक्त स्वभाव सांगतं : आपणहून मिसळत नाहीत. मुळात ‘मिसळणे’ हे उभयविध क्रियापद आहे. ‘दार उघडलं’ आणि ‘त्याने दार उघडलं’, तसंच हे. तुमच्या वाक्यात पहिलं ‘मिसळणे’ अकर्मक आहे, दुसरं सकर्मक. व्याकरणाची तक्रार इथे मिटते.

अर्थाची मिटत नाही. तेल आणि पाणी घ्या. दोघांची विद्युतवाहकता वेगळी, त्यामुळे क्षेत्र लावलं की त्यांच्या सीमेवर विद्युतभार साठतो आणि क्षेत्र त्या सीमेला ओढू लागतं. पृष्ठताण तिला आवरून धरतो. ओढ वरचढ झाली की सीमा ताणली जाते, तिला टोक येतं आणि त्यातून बारीक थेंब सुटतात. या टोकदार आकाराचं गणित ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी 1964 मध्ये मांडलं. चिपमध्ये हे सोपं जातं, कारण अंतरच इवलंसं असतं : 100 मायक्रोमीटरच्या फटीवर 100 व्होल्ट लावले तरी क्षेत्र मीटरला 10 लाख व्होल्ट भरतं.

पण या सगळ्यात तेलाचा रेणू पाण्यात गेला का? जवळजवळ नाहीच. पाण्याचे थेंब तेलात विखुरले, एवढंच. अशा मिश्रणाला मराठी विश्वकोशात ‘पायस’ म्हटलं आहे. शब्द जरा सोवळा वाटतो, ‘इमल्शन’ही चालेल, पण हवी ती छटा त्यात आहे.

आणखी एक गंमत. हेच क्षेत्र उलटं कामही करतं. जवळजवळच्या दोन थेंबांच्या समोरासमोरच्या टोकांवर विरुद्ध भार येतात, थेंब एकमेकांकडे खेचले जातात, मधला तेलाचा पापुद्रा फाटतो आणि दोन्हींचा एक थेंब होतो. कच्च्या खनिज तेलातलं पाणी या युक्तीने वेगळं करण्याचं पेटंट अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक कॉट्रेल यांच्या नावावर 1911 मध्ये नोंदलं गेलं. चिपमध्ये दोन थेंबांतली रसायनं एकत्र आणायलाही हीच युक्ती वापरतात आणि तिथेही बिनदिक्कत ‘मिसळणे’ लिहिलं जातं. तेल-पाणी वेगळं करणारी क्रियाही मिसळणे आणि एकात एक विखुरणारी क्रियाही मिसळणे! खरा घोटाळा हा आहे.

म्हणून मी तीन क्रियापदं वेगळी ठेवीन. रेणूपातळीवर एकरूप होत असतील तर ‘मिसळणे’, थेंब पसरत असतील तर ‘विखुरणे’ आणि थेंबाला थेंब मिळत असेल तर ‘जुळणे’. तुमचा मजकूर थेंब पाडण्याबद्दल असेल तर असं लिहा : ‘विद्युत क्षेत्राने एक द्रव त्याच्यात न मिसळणाऱ्या दुसऱ्या द्रवात विखुरणे’. लांबलं खरं. शीर्षकाला ‘विद्युत क्षेत्राने पायस बनवणे’ पुरेल.